पुढचे स्ट्रट घरी उतरवून नव्याने बांधताना

पावसाळा ओसरल्यावर आमच्या आल्टोच्या पुढच्या डाव्या टायरवरून सहज तळहात फिरवला, तर रबर सपाट लागेना. दर चार बोटांवर एक उंचवटा, मग खळगा, पुन्हा उंचवटा. हवा बरोबर होती, अलाइनमेंट करून फार दिवस झाले नव्हते. चाक रस्त्याला चिकटून फिरण्याऐवजी बारीक उड्या मारत चाललं की टायर असा लाटांसारखा झिजतो. खाली वाकून टॉर्च मारली. स्ट्रटच्या, म्हणजे चाकामागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या, नळीवर तेल उतरलं होतं आणि त्यावर धुळीचा काळा थर बसला होता. काय करायचं ते तिथेच ठरलं.

हे काम घरी होतं. नीट तयारी केली, तर गॅरेजच्या घाईपेक्षा चांगलंही होतं, कारण स्वतःच्या गाडीसाठी आपण दहा मिनिटं जास्त देतो. पण यात एक टप्पा असा आहे की तिथे चूक झाली तर हात किंवा डोळा जाऊ शकतो. म्हणून पुढे बाकीच्या गोष्टी भराभर सांगेन आणि त्या टप्प्यावर थांबेन.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहा. मारुती ८००, आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, सँट्रो, इंडिका या सगळ्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. फोर्डने १९५० मध्ये इंग्लंडमध्ये आणलेल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमुळे ती रुळली. शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग आणि चाकाला उभं धरणारा खांब, असं सगळं यात एकाच नगात येतं. अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आहे, पद्मिनीला विशबोन (दुहेरी आडवे हात). त्या गाड्यांना हा लेख लागू नाही.

स्ट्रटच्या आत तेलात वरखाली होणारा पिस्टन असतो. त्याच्या बारीक छिद्रांतून आणि व्हॉल्व्हमधून तेलाला वाट काढावी लागते, तो अडथळाच स्प्रिंगची उसळी मारून टाकतो. उसळीची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगल्या स्ट्रटची नळी कोमट लागते. वरचं सील झिजलं की तेल गळतं, तेल कमी झालं की हवा शिरते, आणि तेलात फेस झाला की पिस्टनला अडवणारं काही उरत नाही. स्प्रिंग मात्र शाबूत असते. गाडीची उंची तीच दिसते, म्हणून बिघाड लवकर लक्षात येत नाही.

दोष खरंच स्ट्रटचा आहे का?

बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही चाचणी सगळ्यांना माहीत असते. दोन-तीन वेळा झुलली तर स्ट्रट गेलाच. पण एकदाच हलून थांबली म्हणजे स्ट्रट चांगला, असं समजू नका. अर्धा गेलेला स्ट्रटही या चाचणीत पास होतो. ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जाणं, स्पीडब्रेकर उतरल्यावर पुढचा भाग आणखी एकदा वरखाली होणं, वळणावर खड्डा आला की स्टिअरिंग बाजूला ओढलं जाणं, टायरवरच्या लाटा, या खुणा जास्त बोलक्या. नळीवर नुसता धुरकट ओलावा असेल तर घाबरू नका. ओघळ असेल, बोटाला तेल लागत असेल, तर सील गेलं.

आवाजाचं वेगळं आहे. खडबडीत रस्त्यावर हळू चालताना येणारी खट-खट बहुतेक वेळा स्ट्रटची नसते. लिंक रॉड (वळणावर गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांडीचा जोड), लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा) रबरी बुश, बॉल जॉइंट किंवा स्ट्रटच्या डोक्यावरचं रबर माउंटिंग, यांपैकी काहीतरी असतं. गाडी उभी असताना कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि बॉनेट उघडून माउंटिंगवर बोटं ठेवा. बोटांना झटका बसला, ‘टंग’ असा आवाज आला, तर माउंटिंगच्या खालचं बेअरिंग जाम झालंय. ते फिरत नाही, म्हणून स्प्रिंगच पिळली जाते आणि मग सुटते.

हे सगळं आधी पाहून घ्या. स्ट्रट बदलला आणि आवाज तसाच राहिला, तर दिवस आणि पैसे दोन्ही वाया.

सामान

आमच्याच गाडीचे स्ट्रट काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते. स्ट्रट नवे, पण माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर (रॉडवरची धक्का झेलणारी गादी) सगळं जुनंच परत बसवलं. पुढच्याच पावसाळ्यात खट-खट सुरू झाली आणि सगळं पुन्हा उतरवावं लागलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: स्ट्रट उतरवला की वरचं सगळं रबर आणि बेअरिंग नवंच. त्यांची किंमत स्ट्रटच्या मानाने कमी असते आणि मेहनत मात्र दोन्हींना तेवढीच लागते.

तर यादी अशी. डावा आणि उजवा स्ट्रट (स्प्रिंग सोडून नुसता शॉकॲब्सॉर्बरचा भाग; दोन्ही वेगळे असतात, दुकानातच डब्यावरची खूण वाचा), दोन माउंटिंग, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉपर, दोन डस्ट कव्हर, स्ट्रटमधून वर येणाऱ्या रॉडचे नवे लॉक नट. नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) धरणाऱ्या बोल्टचे आटे गंजले असतील तर तेही. बदल नेहमी जोडीनेच करा. एक नवा आणि एक दमलेला स्ट्रट असेल तर जोरात ब्रेक लावताना गाडी एका अंगाला झुकते.

पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईतला कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे गेलात, तर ‘रिपेअर केलेला’ स्ट्रटही कुणीतरी समोर ठेवेल. नळीला भोक पाडून तेल भरायचं, वेल्डिंगने ते बुजवायचं आणि वर काळा रंग मारायचा. दिसायला नवा, पण गॅसचा दाब गेलेला, सील तेच, रॉडवरचे ओरखडे तेच. घेऊ नका. चाकण आणि नाशिकला शॉकॲब्सॉर्बर बनवणारी गेब्रियलसारखी कंपनी आपल्या दाराशी असताना अशा जोडकामावर कुटुंबाचा जीव टांगायचं कारण नाही. काही जुन्या विदेशी गाड्यांच्या स्ट्रटला वर आट्यांचं झाकण असतं आणि आतली कार्ट्रिज (तेल-पिस्टनची बंद नळी) बदलता येते, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या या छोट्या गाड्यांचे स्ट्रट पक्के बंद असतात. त्यामुळे ‘बांधणं’ म्हणजे नवा स्ट्रट, आपली जुनी स्प्रिंग आणि नवं डोकं यांची जुळणी.

हत्यारांत गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, ॲलन की, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा), तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, जॅक, दोन मजबूत जॅक स्टँड, जाड तार आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरची, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हुकवाल्या स्क्रूंची, जोडी. गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. डोळ्यांना गॉगल हवाच.

उतरवणं

आदल्या रात्री नकलच्या दोन्ही बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर तेल सोडा. कोकणात किंवा मुंबईत गाडी वापरत असाल तर दोन रात्री. हे केलं नाही तर सकाळचा पहिला तास नुसता पान्याशी झटापट करण्यात जातो.

जमीन सपाट आणि टणक हवी. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग उचला, चॅसिसच्या ठरलेल्या जागी स्टँड लावा आणि गाडी हलवून पाहा. हलायची असेल तर आत्ताच हलू दे. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी त्यावर बसेल.

आता बॉनेट उघडून स्ट्रटच्या डोक्याकडे पाहा. कडेला दोन किंवा तीन छोटे नट आहेत, ते माउंटिंगला बॉडीशी धरतात. मधोमध एक मोठा नट आहे. त्या मधल्या नटला आत्ता हात लावायचा नाही. सगळी स्प्रिंग त्या एका नटने दाबून धरली आहे. तो निघाला तर काय होतं ते पुढे येईलच.

खाली ब्रेकचा रबरी पाइप स्ट्रटच्या पट्टीवर क्लिपने अडकवलेला असतो. क्लिप पक्कडीने ओढून काढा आणि पाइप मोकळा करा. पाइप उघडायचा नाही, फक्त बाजूला घ्यायचा. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याची वायरही स्ट्रटवरून सोडवा. लिंक रॉड स्ट्रटला जोडलेला असेल तर त्याचा नट काढा. सोबत बॉल फिरत असेल तर टोकाच्या खाचेत ॲलन की धरा.

नकलच्या बोल्टवर खूण करून ठेवा. स्ट्रटची पट्टी आणि नकल यांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा, बोल्ट कुठल्या बाजूने घातलाय त्याचा फोटो काढा. बोल्टच्या भोकात जी बारीक जागा असते, तेवढ्यानेही चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, बदलतो.

खालचे नट काढलेत की बोल्ट हलक्या हातोडीने बाहेर येतील. आट्यांवर थेट हातोडी मारू नका. नट टोकापर्यंत चढवून त्यावर मारा. बोल्ट निघताक्षणी नकल बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि घोटाळा होतो तो इथेच. तो फार बाहेर पडला तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट घरातून निसटू शकतो, ब्रेकचा पाइपही ताणला जातो. म्हणून बोल्ट काढायच्या आधीच नकल तारेने वर बांधून ठेवा. मग एका हाताने स्ट्रट धरून वरचे छोटे नट काढा. शेवटचा नट दुसऱ्या कुणाकडून काढून घेतला तर बरं. अख्खा स्ट्रट हातात येतो आणि तो वाटतो त्यापेक्षा जड असतो.

स्प्रिंग

आता त्या टप्प्यावर आलो.

आल्टोसारख्या छोट्या गाडीतही पुढच्या एका स्प्रिंगवर साधारण दोनशे किलो भार असतो. स्ट्रट गाडीतून काढला तरी स्प्रिंग सैल होत नाही. ती दोन वाट्यांमध्ये दाबलेलीच असते आणि मधला नट निघाला तर वरची वाटी, बेअरिंग, माउंटिंग सगळं सुटलेल्या गोळ्यासारखं उडतं. कॉम्प्रेसरने दाबल्यावर तर ती ताकद आणखी वाढलेली असते.

कॉम्प्रेसर विकत घ्या किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून आणा, पण चांगला आणा. हुक जाड, पिनने लॉक होणारे, आटे स्वच्छ. आट्यांना ग्रीस लावा. दोन्ही कॉम्प्रेसर स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर, शक्य तितके जास्त वेढे पकडून लावा. आधी डाव्याला दोन फेरे, मग उजव्याला दोन, असं आलटून पालटून आवळा. इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं मशीन) वापरू नका. हातातल्या पान्याला जो विरोध जाणवतो, तीच तुमची सूचना असते. मान आणि चेहरा स्ट्रटच्या टोकाच्या रेषेत कधीही आणू नका, ते टोक भिंतीकडे ठेवा, माणसांकडे नाही. लहान मुलं अंगणातून आत.

एकदा मी कमी वेढे पकडून आवळत होतो. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला हुकच्या कडेला स्प्रिंगचा रंग खरवडलेला दिसला, चमकदार लोखंडाची एक बारीक रेघ. म्हणजे हुक सरकत होता. तिथेच थांबलो, सगळं ढिलं केलं आणि पुन्हा लावलं. म्हणून आवळताना नुसत्या पान्याकडे नाही, हुकच्या कडांकडे बघत राहा. जाड दोर किंवा पट्ट्याने स्प्रिंग आणि स्ट्रट बांधून ठेवलेत तर आणखी चांगलं.

किती आवळायचं? स्प्रिंग वरच्या वाटीपासून सुटेपर्यंत, त्यापुढे नाही. ती सुटते तेव्हा बारीकसा ‘टिक’ आवाज येतो आणि मग वरची वाटी हाताने सहज फिरते. स्प्रिंग हाताने थोडी हलते का, तेही पाहा. हे दोन्ही दिसल्याशिवाय मधला नट खोलायचा नाही.

मन जरासुद्धा कचरत असेल तर इथे थांबा. उतरवलेला स्ट्रट आणि सगळं नवं सामान पिशवीत घालून अशा गॅरेजमध्ये जा जिथे मोठा, स्टँडवाला कॉम्प्रेसर आहे. तेवढंच काम करून घ्या आणि जोडलेला स्ट्रट घरी आणून बसवा. बाकी सगळं घरी करून एवढंच बाहेर करणारे अनेक जण आहेत आणि मला ते अगदी शहाणपणाचं वाटतं.

मधला नट काढताना रॉड सोबत फिरतो. टोकाच्या खाचेत ॲलन की धरून वाकड्या मानेच्या रिंग पान्याने नट फिरवा. जुना रॉड पक्कडीने धरला तर चालेल, तो तसाही भंगारात जायचाय. नव्या रॉडच्या चकचकीत भागाला मात्र लोखंड लागताच कामा नये. तिथला एक ओरखडा सीलची कड खातो आणि काही महिन्यांत तेल उतरायला लागतं.

नट निघाला की माउंटिंग, वायसर, बेअरिंग, वरची वाटी, डस्ट कव्हर, बंप स्टॉपर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर ओळीत मांडा आणि फोटो काढा. जुना बंप स्टॉपर बहुधा हातातच भुगा होईल. ती झीजच नव्या स्ट्रटचा पुढचा शत्रू: स्टॉपर नसेल तर मोठ्या खड्ड्यात रॉड थेट तळावर आदळतो.

स्प्रिंग पुसून नीट तपासा. खालचा शेवटचा वेढा कधीकधी गंजून तुटलेला असतो आणि गाडीत असताना ते दिसत नाही. तुकडा गेला असेल किंवा खोल गंज असेल तर दोन्ही स्प्रिंग बदला. कापून छोटी करणं, मध्ये रबराची गोळी घालणं हे उपाय करू नका.

जुळणी

नवा स्ट्रट दुकानात बहुतेक वेळा आडवा पडलेला असतो आणि तेलाच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरा, रॉड सावकाश पूर्ण खाली दाबा, सावकाश वर येऊ द्या. असं पाच-सहा वेळा. पहिल्या एक-दोन वेळा मध्येच एक रिकामी जागा जाणवते, नंतर दाब एकसारखा होतो. मग स्ट्रट जोडेपर्यंत उभाच ठेवा. जुन्या स्ट्रटचा रॉड याच वेळी दाबून पाहा, फरक हाताला कळेल.

दाबलेली स्प्रिंग खालच्या वाटीत ठेवताना तिचं टोक वाटीतल्या पायरीला भिडलं पाहिजे. बोट घालून खात्री करा. टोक पायरीवर चढलं तर स्प्रिंग तिरकी बसते आणि पहिल्याच दिवशी आवाज येतो. मग रॉडवर बंप स्टॉपर, डस्ट कव्हर, वरची वाटी, बेअरिंग, माउंटिंग, वायसर आणि नवा नट. बेअरिंगची वरची-खालची बाजू जुन्या फोटोशी ताडून पाहा. ते उघडं असेल तर लिथियम ग्रीस भरा, पण ग्रीस माउंटिंगच्या रबराला लागू देऊ नका. वरच्या वाटीवर बाहेरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती चाकाच्या दिशेला आली पाहिजे.

नट पूर्ण चढला, रॉडचे आटे वर दिसले, की कॉम्प्रेसर पुन्हा आलटून पालटून सोडा. स्प्रिंग दोन्ही वाट्यांत बसत जाताना टोकाची जागा परत एकदा बघा. ते टोक आता सरकलं तर पुन्हा दाबणं भाग आहे, आणि तो कंटाळा करू नये. मधला नट सर्व्हिस बुकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा. त्यासाठी आरपार भोक असलेली गोटी मिळते, तिच्यातून ॲलन की जाते.

गाडीत बसवणं

स्ट्रट खालून वर नेऊन छोटे नट हाताने दोन-तीन फेरे लावा, आवळू नका. नकल वर उचलून बोल्टची भोकं जुळवा. बोल्ट हाताने सरकायला हवेत. हातोडी लागत असेल तर भोकं जुळलेली नाहीत. जॅक लोअर आर्मखाली लावून किंचित वर घेतलात की बोल्ट आपसूक आत जातात. पांढरी खूण बघा, जुन्याच बाजूने बोल्ट घाला, टॉर्क पान्याने आवळा, मग वरचे नट.

ब्रेकच्या पाइपची क्लिप परत लावा, मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाइप कुठे ताणला जातोय का, टायरच्या बाजूला घासतोय का, ते डोळ्यांनी पाहा. नकल बांधलेली तार आठवणीने काढा. लोअर आर्मचे बुश ढिले केले असतील, तर त्यांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने.

दुसरी बाजू पहिलीच्या निम्म्या वेळात होते. तरी दोन्ही बाजूंसाठी पूर्ण रविवार धरा आणि अंधार पडायला लागला तर उरलेलं सकाळी करा.

पहिली चक्कर ओळखीच्या रस्त्यावर, हळू. स्पीडब्रेकरवरून काच खाली करून जा आणि कान द्या. घरी आल्यावर सगळे नट पुन्हा पाहा. त्यानंतर लगेच व्हील अलाइनमेंट. खुणा कितीही अचूक जुळवल्या तरी ते टाळू नका. लाटा पडलेला टायर मात्र बराच काळ घोंघावत राहील. तो आवाज नव्या स्ट्रटचा नाही. टायर मागे टाकलात तर पुढचा आवाज लगेच कमी होईल.

जुन्या स्ट्रटमध्ये अजून गॅसचा दाब आणि तेल असतं. ग्राइंडरने कापू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. भंगारवाल्याला देताना आत गॅस आहे हे सांगून द्या, आणि नळीवरून ओघळलेलं तेल गटारात न सोडता जुन्या कापडाने टिपून घ्या.